परभृत

ट्रोल म्हणजे कोण हे आधीच सांगून टाकते; नाही तर लेख संपेपर्यंत वाचक आपापल्या मनात रामायणातला राक्षस रंगवीत बसतील. ट्रोल हा स्वीडन-नॉर्वेकडच्या लोककथांतला प्राणी. वस्ती डोंगराच्या पोटात, नाही तर घनदाट अरण्यात. देहाने दांडगा, बुद्धीने बेताचा, नाक भले लांब आणि अंगावर शेवाळ चढलेले. जॉन बावर या स्वीडिश चित्रकाराने १९०७ पासून मुलांच्या एका वार्षिकासाठी या मंडळींची जी चित्रे काढली, ती पाहिली की भीतीपेक्षा कीवच जास्त येते. या ट्रोलांची एक खोड मात्र वाईट. माणसाचे तान्हे मूल पाळण्यातून उचलायचे आणि त्या जागी आपले मूल ठेवून पसार व्हायचे! असे ठेवून दिलेले मूल म्हणजे इंग्रजीतले 'चेंजलिंग'. मराठीत त्याला नेमका शब्द मला सापडला नाही. पाखराला मात्र आपल्याकडे शब्द आहे. कोकिळा आपले अंडे कावळ्याच्या घरट्यात घालते आणि कावळीण ते पिल्लू आपलेच समजून वाढवते, म्हणून संस्कृतात कोकिळेला 'परभृत' म्हणतात; परभृत म्हणजे दुसऱ्याने पोसलेली. तोच शब्द मी या लेखासाठी उसना घेतला आहे. (संस्कृतच्या सरांची परवानगी गृहीत धरली आहे.)

हे सारे डोक्यात शिरण्याचे कारण एक कादंबरी. गेल्या वर्षी गावात वजनावर पुस्तके विकणारे प्रदर्शन लागले होते. मला हवा होता शब्दकोश; तराजूचा काटा सरळ करण्यासाठी विक्रेत्याने वर एक पातळसे पुस्तक टाकले. ते अमँडा हॉकिंग या अमेरिकन लेखिकेचे 'स्विच्ड' निघाले. 'ट्रिल' या नावाच्या तीन कादंबऱ्यांतली ही पहिली. 'टॉर्न' आणि 'असेंड' या पुढच्या दोन. ही बाई मिनेसोटा राज्यातल्या ऑस्टिन गावची. दिवसा अपंगांची देखभाल करण्याची नोकरी आणि उरलेल्या वेळात लेखन. प्रकाशकांनी हस्तलिखिते नाकारली, तेव्हा २०१० मध्ये तिने आपली पुस्तके स्वतःच ई-पुस्तकांच्या रूपाने विक्रीला लावली आणि बघता बघता दहा लाखांवर प्रती खपल्या. मग २०११ मध्ये सेंट मार्टिन्स प्रेसने तिच्या दुसऱ्या एका मालिकेसाठी वीस लाख डॉलरांचा करार केला आणि २०१२ मध्ये ट्रिलच्या तिन्ही कादंबऱ्याही छापल्या. आपल्या वार्षिकांकाच्या संपादक मंडळाने ज्यांचे लेख परत केले असतील त्यांनी ही दोन वाक्ये पुन्हा एकदा वाचावीत.

अमेरिकेत ट्रोल कुठून आले, असे तुम्ही विचाराल. मिनेसोटात एकोणिसाव्या शतकात स्वीडन-नॉर्वेतून असंख्य शेतकरी कुटुंबे येऊन स्थायिक झाली. माणसे देशांतर करतात तेव्हा बोचक्यात कपडेलत्ते थोडे आणि गोष्टी पुष्कळ असतात. हॉकिंगबाईंनी ट्रोलांना मिसिसिपी नदीकाठच्या कड्यावर एक गुप्त नगरच वसवून दिले आहे. त्याचे नाव फोरेनिंग. स्वीडिश भाषेत याचा अर्थ संघ. मात्र इथले ट्रोल शेवाळलेले नाहीत. दिसायला माणसासारखेच, बरेचसे देखणे. फक्त केस कधी विंचरले जात नाहीत, पायात बूट नकोसे वाटतात आणि जेवणाच्या बाबतीत नखरे फार. (या लक्षणांवरून आमच्या वर्गातले निम्मे लोक ट्रोल ठरतील.)

कथेची सुरुवात भयंकर आहे. वेंडी नावाच्या मुलीचा सहावा वाढदिवस. केकवरून ती हट्ट करते आणि तिची आई हातात सुरी घेऊन तिच्या अंगावर धावून जाते. 'तू माझी मुलगी नाहीस, तू राक्षस आहेस, मला मुलगा झाला होता', असे तिचे म्हणणे. थोरला भाऊ मॅट मध्ये पडतो म्हणून वेंडी वाचते. पोटावर व्रण राहतो. आईला वेड्यांच्या इस्पितळात ठेवतात. पुढे मॅट आणि मॅगी नावाची आत्या वेंडीला वाढवतात. ती सतरा वर्षांची होते तेव्हा फिन नावाचा एक तरुण येऊन सांगतो, की तू ट्रोल आहेस, फोरेनिंगच्या राणीची मुलगी आहेस, घरी चल. म्हणजे ती सुरीवाली आई शब्दशः खरे बोलत होती! तिला खरोखरच मुलगा झाला होता. खरे बोलली म्हणून अकरा वर्षे कोंडून पडलेली ही बाई कादंबरीत थोडीच पाने येते. माझ्या मते तिच्यावर आणखी पाने खर्च करायला हवी होती आणि फिनवर कमी. हा फिन येतो, टक लावून बघतो, कर्तव्याची आठवण होऊन निघून जातो, पुन्हा येतो. प्रेमकथेत नायकाने थोडे कोड्यात बोलावे हे मान्य. पण दर प्रकरणात?

लेखिकेच्या एका कल्पनेला मात्र मी मनापासून दाद दिली. ट्रोल मुले का बदलतात, या प्रश्नाला जुन्या कथांत धड उत्तर नाही. कधी म्हणतात, माणसाचे मूल सुंदर असते म्हणून. हॉकिंगबाईंचे उत्तर रोखठोक आहे: पैसा. ट्रोलांच्या राज्यात उत्पन्न नाही. म्हणून श्रीमंत घर हेरायचे, तिथे आपले मूल ठेवायचे, त्या घराच्या खर्चाने त्याचे खाणेपिणे, शिक्षण होऊ द्यायचे आणि मोठे झाल्यावर वारसाहक्काच्या पैशासह परत आणायचे. एखाद्या सावकाराने ठेव ठेवावी तसे मूल ठेवतात. आईच्या कुशीतून तिचे मूल काढून दुसऱ्याच्या दारात ठेवण्याला इतके थंड, इतके हिशेबी कारण मी दुसऱ्या कुठल्या गोष्टीत वाचलेले नाही.

आता ज्या पानापाशी मी थबकले तिथे येते. वेंडी राजवाड्यात पोहोचते. तिथे ऱ्हीस नावाचा एक मुलगा राहतो. बडबड्या, हसरा, सगळ्यांशी गोडीने वागणारा. त्याला 'मेन्स्क्लिग' म्हणतात. स्वीडिश भाषेत या शब्दाचा अर्थ नुसता 'मानवी' असा आहे. वेंडीच्या जागी जो पाळण्यातून उचलला तोच हा. मॅटचा सख्खा भाऊ. तो राणीच्या घरात वाढला, पण राणीचा झाला नाही. ट्रोलांत राहतो, पण ट्रोलांत लग्न करू शकत नाही. वेंडीला मुकुट मिळणार, प्रियकर मिळणार, तीन पुस्तके मिळणार. ऱ्हीसला काय मिळणार? पुढे गोष्टीत लढाया झाल्या, व्हिट्रा नावाचे शत्रुपक्षाचे ट्रोल येऊन गेले. पण माझे बोट त्या मुलावरच राहिले. अदलाबदलीच्या गोष्टीत मुले दोन असतात. सांगणारा मात्र एकाचाच हात धरून पुढे जातो.

याला कारण आहे. आमच्या घरी अशी एक अदलाबदल झालेली आहे आणि तीत मी एक मूल आहे.

आमच्या समाजात लग्न ठरवताना घरची भाषा मराठी की कन्नड हे कोणी फारसे बघत नाही. शेती किती आणि मुलगा कसा एवढे बघतात. त्यामुळे माझी आई बेळगावातच मराठी घरात पडली आणि तिची थोरली बहीण बैलहोंगल तालुक्यातल्या एका खेड्यात, पूर्ण कन्नड घरात. मी चार वर्षांची असताना आईला जुळे झाले. आई अंथरुणाला खिळली. मावशी बाळंतपणाला आली होती. जाताना मला बरोबर घेऊन गेली. "दोन महिने ठेवते, तू उठून बस, मग आणून सोडते", असे ठरले होते म्हणतात. त्या दोन महिन्यांची बारा वर्षे झाली. कोणी ठरवून केले असे नाही. आधी आईची तब्येत, मग माझी शाळा सुरू झाली, मग मावशीला मुलगी नव्हती म्हणून ती सोडेना. मला वाटते, मीही सोडीनाशी झाले. दुसऱ्याच वर्षी मावशीने आपला धाकटा मुलगा आमच्याकडे पाठवला. बेळगावची शाळा चांगली हे एक कारण. दुसरे तिने स्वतःच माझ्या आईला सांगितले होते: "तुझं एक नेलंय, माझं एक ठेवून घे."

हिशेब चोख झाला. मी मावशीला अव्वा म्हणू लागले, तिच्या यजमानांना अप्पा. ज्वारीची रोट्टी, शेंगदाण्याची चटणी, एण्णेगायी, श्रावणात बसवण्णाच्या देवळातले भजन हे माझे झाले. कन्नड अक्षरे मी पाटीवर प्रथम गिरवली. मराठी नंतर सुट्टीत, वर्तमानपत्राच्या मथळ्यांवरून शिकले. इकडे माझा मावसभाऊ, ज्याला आम्ही सगळे दादा म्हणतो, तो मराठी शाळेत गेला, गणपतीत आरत्या पाठ म्हणू लागला, वक्तृत्वात बक्षिसे आणू लागला. या वार्षिकांकाचे जुने अंक पाहिलेत तर गंमत दिसेल. गेली दोन वर्षे माझे लेख कन्नड विभागात आहेत आणि त्याच्या कविता मराठी विभागात. यंदा तो कॉलेजातून बाहेर पडला, म्हणून मराठीतली त्याची जागा मी घेतली आहे. शुद्धलेखनाच्या चुका मराठीच्या मॅडमनी तपासल्या आहेत. राहिल्या असतील त्या अस्सल माझ्या.

सोळाव्या वर्षी पी.यू.सी.साठी मी बेळगावला, म्हणजे आपल्या घरी, आले. फोरेनिंगच्या राजवाड्यात वेंडीची जी अवस्था होते ती वाचताना मी हसत होते आणि मधूनच पुस्तक मिटत होते. राणी एलोरा ही तिची जन्मदाती. पण ती तिच्याकडे परीक्षकासारखी बघते. कसे बसावे, कसे बोलावे याचे धडे देते. नामकरणाचा समारंभ ठरतो, त्यात तिचे नावसुद्धा बदलायचे असते, कारण वेंडी हे नाव राजकन्येला शोभत नाही. माझी आई काही राणी एलोरा नव्हे. ती बिचारी माझ्या ताटात दोन दोन वेळा वाढायची. पण पाहुण्याच्या ताटातच आपण दोन दोन वेळा वाढतो, नाही का? आमटीत गूळ असतो हे मला माहीत नव्हते. मी पटकन 'हौदु' म्हणून जायची आणि जुळी भावंडे हसायची. त्यांना मी ताई. खेड्यात मला सगळे 'तंगी' म्हणत. कन्नडमध्ये तंगी म्हणजे धाकटी बहीण. एका बसच्या प्रवासात, दीड-दोन तासांत, मी धाकटीची थोरली झाले होते आणि थोरलेपणाचा मला काडीचाही सराव नव्हता.

सगळ्यात अवघड होता तो दादा. वाईट वागला असता तर सोपे गेले असते. त्याने माझ्यासाठी खिडकीजवळची खाट सोडली आणि स्वतः सोप्यात झोपू लागला. आईला चहात साखर किती लागते, तिचे डोके कोणत्या बाजूने दुखते, बाबा कोणत्या दिवशी चिडलेले असतात, भांडणानंतर आई कोणत्या देवळात जाऊन बसते, हे सारे त्याला ठाऊक होते. मला नव्हते. मी तिच्या पोटची, आणि मला तो समजावून सांगायचा: "मावशीला आज काही विचारू नको, उद्या विचार." कादंबरीतल्या ऱ्हीसने वेंडीला राजवाडा दाखवावा, तसे त्याने मला माझे घर दाखवले. आणि हे करताना तो आईला 'मावशी'च म्हणत असे. मी अव्वाला अव्वा म्हटले. त्याने आईला कधी आई म्हटले नाही. का, ते मी विचारलेले नाही.

कादंबरी संपल्यावर मी या बदललेल्या मुलांच्या जुन्या कथा शोधून वाचू लागले. त्यांत गोडवा कमी. जर्मनीतल्या ग्रिम बंधूंच्या संग्रहात एक आई अंड्याच्या टरफलात पाणी उकळते. ते नवल पाहून पाळण्यातले बदललेले मूल एकदम म्हाताऱ्यासारखे बोलते, हसते आणि त्याचे बिंग फुटते. ही झाली विनोदी बाजू. बाकी ठिकाणी उपाय म्हणजे मार, उपास, विस्तवाचा धाक, नाही तर उकिरड्यावर ठेवून देणे. मुलाचा छळ केला की त्याची खरी आई धावत येईल आणि आपले परत देईल, असा त्यामागचा तर्क. अभ्यासक सांगतात की जी मुले धड वाढत नसत, बोलत नसत, ज्यांचे हातपाय वळलेले असत, त्यांनाच बहुधा 'बदललेले' म्हणत. हे वाचल्यावर हॉकिंगबाईंची ती देखभालीची नोकरी मला पुन्हा आठवली. त्यांनी दोन्हींचा संबंध जोडला होता की नाही हे पुस्तकात कुठे दिसत नाही; मी आपला मनात जोडला. मोठी माणसेही यातून सुटली नाहीत. आयर्लंडमधल्या टिपेररी परगण्यात १८९५ च्या मार्चमध्ये मायकेल क्लिअरी नावाच्या माणसाने ब्रिजेट या आपल्या सव्वीस वर्षांच्या आजारी बायकोला जाळून मारले. त्याचे म्हणणे, ही माझी बायको नव्हे, यक्षिणींनी बदलून ठेवलेली दुसरीच कोणी. त्याला वीस वर्षांची शिक्षा झाली, पंधरा वर्षे भोगून तो सुटला. आगगाड्या आणि तारायंत्रांच्या काळातली ही घटना आहे.

बाळंतिणीच्या खोलीत रात्रभर दिवा ठेवायचा, पाळण्यात लोखंडाची वस्तू ठेवायची, ही त्या लोकांची खबरदारी वाचून मला परके काही वाटले नाही. अव्वाच्या घरी वहिनीच्या बाळंतपणात बाजेखाली विळा होताच, आणि सटवाईच्या पूजेच्या रात्री दिवा विझू दिला नव्हता.

या साऱ्या अंधारात एक गोष्ट मला वेगळी सापडली. सेल्मा लागरलॉफ ही स्वीडिश लेखिका. साहित्याचे नोबेल मिळवणारी पहिली स्त्री, १९०९ सालची. 'ट्रोल आणि माणसे' या तिच्या १९१५ च्या संग्रहात 'बदललेले मूल' नावाची कथा आहे. शेतकरी जोडपे घोड्यावरून जात असताना त्यांचे मूल खाली पडते आणि ट्रोलीण त्या जागी आपले मूल ठेवून जाते. ते मूल कुरूप, हट्टी, भयंकर. नवरा म्हणतो, टाकून देऊ. सासू म्हणते, छडीने मार, म्हणजे त्याची आई येईल. बायकोला ते मूल मुळीच आवडत नाही. हे लेखिका लपवत नाही, आणि म्हणूनच कथा खरी वाटते. पण तिच्याने हात उचलवत नाही. ते साधे अन्न खाईना, तर ती त्याच्यासाठी बेडूक आणि कोळी शोधून आणते. घराला आग लागते तेव्हा त्याला आगीतून काढते. शेवटी नवरा तिला सोडून निघतो आणि वाटेत त्याला त्याचा स्वतःचा मुलगा भेटतो, धडधाकट. मुलगा सांगतो, की इकडे आई ट्रोलाच्या पोराशी जसे वागली तसेच तिकडे ट्रोलीण माझ्याशी वागत होती. ती त्याला जपत होती म्हणून मी जपलो गेलो.

मागच्या दिवाळीत खेड्यात गेले होते. अंगणात शेंगा फोडत बसलो असताना ही कथा मी अव्वाला सांगितली. अर्धी कन्नडमध्ये, अर्धी मराठीत, आमचे नेहमीचे असते तशी. बेडूक-कोळ्यांच्या भागाला तिने तोंड वाकडे केले. शेवट ऐकल्यावर मात्र तिचे हात थांबले.

"कोणी लिवली म्हणालीस ही?"

"स्वीडनची बाई आहे. शंभर वर्षं होऊन गेली."

"तिची बहीण होती काय गे?"

मला काय बोलावे कळेना. मग तीच सांगू लागली. "तुला एक धपाटा घातला तर रात्री मला झोप यायची नाही. वाटायचं, तिकडं आता माझ्या पोराला कोण काय बोललं असंल. तुझ्या भाकरीवर लोणी घालताना हात जरा जास्तच सैल सुटायचा. तुझ्या मायेनं नाही, खोटं कशाला बोलू. पहिली दोन वर्षं त्याच्याचसाठी घालत होते. नंतर तुझ्यासाठी."

तिने शेंगा पुन्हा हातात घेतल्या. अप्पा गोठ्यातून आले आणि चहाचे विचारू लागले.

हा हिशेब मला कोणी सांगितलेला नव्हता. वर्षानुवर्षे दोन घरांत दोन बायका एकमेकींच्या मुलांच्या ताटात लोणी घालताना आपापल्या मनात दुसऱ्या ताटाकडे बघत होत्या, आणि आम्ही दोघे ते खात होतो. आईने कधी असे काही बोलून दाखवलेले नाही. तिचा तो स्वभाव नाही. पण दादाच्या अंगावर कधी बोट उचलल्याचे जुळ्यांना आठवत नाही. स्वतः त्यांना मात्र भरपूर प्रसाद मिळालेला आहे.

आपल्याकडची सर्वांत मोठी अदलाबदल अर्थातच गोकुळातली. वसुदेवाने कृष्णाला यशोदेकडे ठेवले आणि तिची मुलगी उचलून मथुरेला नेली. कंसाने तिला शिळेवर आपटायला उचलले तेव्हा ती हातातून निसटून देवी झाली असे पुराण सांगते. आपण दरवर्षी कृष्णाचा पाळणा हलवतो. यशोदेला आपल्याला मुलगी झाली होती हे कधी कळले का, असे मी लहानपणी भजनाला येणाऱ्या एका आजींना विचारले होते. त्या म्हणाल्या, "देवाच्या गोष्टीत असं विचारायचं नसतं." बंगालीत रवींद्रनाथांचा 'गोरा' आहे, तो जन्माने आयरिश आणि वाढला हिंदू आईजवळ. आणि सलमान रश्दींच्या १९८१ च्या 'मिडनाइट्स चिल्ड्रन'मध्ये मुंबईच्या एका प्रसूतिगृहात दोन मुले बदलली जातात. त्यांत निदान दुसऱ्या मुलाला नाव आहे, राग आहे आणि तो आपला राग घेऊन गोष्टीत परत येतो. हॉकिंगबाईंच्या श्रेयाचेही एक सांगते. 'स्विच्ड' संपते तेव्हा वेंडी राजवाडा सोडून पळते ती एकटी नव्हे. ऱ्हीसला बरोबर घेऊन मॅटच्या दारात येते. फार घाईने लिहिलेली पाने आहेत ती, तरी मी दोनदा वाचली.

आमची गोष्ट मात्र सध्या उलट्या दिशेने चालली आहे. मावशीचा थोरला मुलगा, आमचा अण्णा, नोकरीसाठी बंगळूरला गेला आणि आता तिथेच राहणार. अप्पांचे गुडघे गेले आहेत. शेत कोणीतरी बघायला पाहिजे. दादाची बी.कॉम. झाली तसा घरात विषय निघाला, आणि तो दोन शब्दांत "मी जातो" म्हणाला. येत्या ज्येष्ठात तो खेड्यात जाईल, म्हणजे आपल्या घरी. सोळा वर्षांत दिवाळी आणि मे महिना सोडून तो तिथे राहिलेला नाही. बैलांना तो घाबरतो. कन्नड बोलतो, पण पुस्तकातले. गावातली पोरे त्याला 'सर' म्हणून चिडवतात. आई चार दिवस गप्प होती. पाचव्या दिवशी तिने त्याच्यासाठी मसाला कुटायला काढला. तिकडचा त्याला तिखट लागतो म्हणून.

गेल्या रविवारी त्याने वहीतला एक कागद माझ्यापुढे ठेवला. "तंगी, मला शेतं काढून दे. कुठलं कुठं ते माझ्या ध्यानात राहत नाही." त्याने मला तंगी म्हटले ते पहिल्यांदाच. मी नकाशा काढला. ओढ्याकडची एरी होल, म्हणजे काळ्या मातीची. तिथे हरभरा आणि ज्वारी. वरच्या अंगाला मड्डी होल, खडकाळ, तिथे पावसावर जे येईल ते. विहीर, चिंचेचे झाड, शेजाऱ्याच्या बांधावरून जुना वाद आहे तो कोपरा. नावे कन्नडमध्ये लिहिली, कारण ती मला दुसऱ्या कोणत्या लिपीत लिहिताच येईनात. त्याने समासात मराठीत प्रश्न लिहिले: विहिरीला पाणी कधीपर्यंत? वाद कोणाशी? अप्पांना विचारलेले आवडते की नाही? मी उत्तरे लिहिली. शेवटच्या प्रश्नापुढे लिहिले: सकाळी नको, जेवणानंतर विचार.

मग त्याने कागद उलटा केला आणि माझ्यासाठी लिहायला सुरुवात केली. मावशीची थायरॉईडची गोळी सकाळी सहाला, रिकाम्या पोटी. साडेसहाच्या आधी चहा द्यायचा नाही. 'घेतली' म्हणाली तरी पाकीट उघडून मोजायची.